हाडांच्या दवाखान्यातली भाग्यश्रीमावशी

खोपोलीतल्या एका खाजगी हाडांच्या दवाखान्यात भाग्यश्री चौदा वर्षं मावशी म्हणून कामाला होती. मावशी म्हणजे नर्स नव्हे. पेशंटला उचलणं, अंग पुसणं, लघवी-शौचाचं भांडं देणं, चादरी बदलणं, एक्स-रेला नेऊन आणणं, आणि अपघाताचा कुणी आला की कात्रीनं त्याचे कपडे कापणं, ही तिची कामं. माहेर नेरळजवळच्या पोशीरचं, घरची भातशेती. सासर साजगावला. नवरा राजेश तिथल्याच एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचा. घरात सासू भागूबाई, बारावीतली हर्षला आणि नववीतला ऋषिकेश.

वर घाट, खाली जुना हायवे, पलीकडे एक्सप्रेसवे. त्यामुळे दवाखान्याला पेशंटची कधी वाण पडली नाही. म्हातारी माणसं न्हाणीघरात घसरून यायची, कारखान्यातली माणसं बोटं चेंगरून यायची. त्यांचं भाग्यश्रीला सवयीचं झालं होतं. सवय झाली नाही ती पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची. तिघं एका बाईकवर बसून घाट उतरलेली. धबधब्यावर फोटो काढताना मागे सरकत गेलेला एकजण. रस्ता ओलांडताना जीपनं उडवलेली एक मुलगी आली होती. भाग्यश्रीनं तिच्या कानातून इअरफोन काढले, तेव्हा त्यात गाणं चालूच होतं. त्या रात्री ती जेवली नाही.

असं काही पाहिलं की ती घरी येऊन सांगायची. पाय धुवायच्या आधीच सुरुवात व्हायची. "आज एक आला. तुज्याएवढाच. हेल्मेट डिकीत ठेवलेलं." मग त्यातून नवा नियम निघायचा. कुणाच्या मागे बाईकवर बसायचं नाही. पावसाळ्यात धबधब्याकडे फिरकायचं नाही. रस्त्यात कानात काही घालायचं नाही. मुलं ऐकून घ्यायची, पण कंटाळलेली होती.

"आई, तुझा दवाखाना तिकडेच ठेवून येत जा ना," हर्षला म्हणायची.

राजेशला पाळी संपवून आल्यावर शांतपणा हवा असायचा. तो म्हणायचा, "अगं, पोरं ती पोरंच. तू त्यांना भीतीनंच मारशील."

ऋषिकेश मात्र वाद घालत नसे. ऐकायचा आणि "हो" म्हणायचा. वाढदिवसाला राजेशनं त्याला मोठे, कान झाकणारे हेडफोन आणले, तेव्हा भाग्यश्री राजेशवर चिडली. ऋषीला तिनं बजावलं, "घरात घाल. रस्त्यात गळ्यात ठेवायचे. कळलं?" तो म्हणाला, "हो." त्याच्या हो-ला ती कधी खोदून बघायची नाही. दिवसभर दवाखान्यात माणसं हाका मारायची, घरी हर्षलाशी रोजची वादावादी. एक पोरगं तरी त्रास देत नाही, याचाच तिला आधार वाटायचा.

शाळा आणि क्लास आटोपून ऋषी संध्याकाळी दवाखान्यात यायचा. ड्युटी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर वडापाव खात बसायचा. मग दोघं मायलेक चालत साजगावला निघायची. अर्ध्या तासाची वाट. घरात तोंड न उघडणारा हा मुलगा त्या वाटेवर बोलायचा. कुणा सरांनी कुणाला बाकावर उभं केलं, कुठल्या गाडीला किती गिअर असतात, काहीही. भाग्यश्रीच्या पायात गोळे आलेले असायचे. तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण दिवसभरातली तेवढीच वेळ तिला आवडायची.

घरातली कटकट सुरू झाली ती हर्षलाच्या नाकावरून.

नाक भागूबाईचं होतं. मधे उंचवटा, टोकाला जरा जाड. ते राजेशकडे आलं आणि राजेशकडून हर्षलाकडे. साजगावात त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. हर्षला कर्जतच्या कॉलेजात जायला लागली आणि तिथं एका मुलानं तिचा बाजूनं काढलेला फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला, शेजारी पोपटाचा फोटो लावून. सगळे हसले. हर्षलाही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं न्हाणीघराचं दार लावलं ते बराच वेळ उघडलं नाही. त्यानंतर ती कुणाला बाजूनं फोटो काढू देईना. लग्नाकार्यातही ती तोंडासमोर ओढणी धरून बसायची.

एका संध्याकाळी भाग्यश्री लसूण सोलत बसली होती. भागूबाई तांदूळ निवडत होत्या. हर्षला समोर येऊन उभी राहिली.

"आई, मला नाकाचं ऑपरेशन करायचंय."

"का? श्वास अडकतो का?"

"नाही. आकार बदलून घ्यायचाय."

भाग्यश्रीला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "आकार?"

"करतात गं सगळे. हिरॉइनीच नाही, साध्या मुलीपण करतात. फोनमध्ये दाखवते, बघ."

"मला नको दाखवूस. चांगलं हाड मोडून घेनार तू?"

"तुला नाही कळणार ते."

"मला नाय कळनार?" भाग्यश्रीनं सुरी खाली ठेवली. "रोज बघते गं मी. भूल उतरताना मानसं कशी कण्हतात, कशी उलट्या करतात. आईच्या नावानं रडतात मोठे मोठे बाप्ये. त्यांचं मोडलेलं असतं, त्यांना इलाज नाय. तुजं काय मोडलंय?"

"माझं मोडलेलंच आहे! तुला कुणी पोपट म्हणत नाही ना. रोज वर्गात जायचं असतं मला." हर्षलाचं लक्ष आजीकडे गेलं. "हिचं नाक माझ्याच तोंडावर कशाला यायला हवं होतं?"

भागूबाईंचे हात सुपात थांबले.

"माज्या नाकानं तुजं काय वाकडं केलं गं?" त्या म्हणाल्या. "ह्याच नाकात नथ घालून ह्या घरात आले मी. तुज्या आज्यानं कदी नाव नाय ठेवलं ह्याला."

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या.  थोड्या वेळानं हर्षला चहा घेऊन बाहेर गेली. भागूबाईंनी चहा घेतला, पण नातीकडे पाहिलं नाही.

पुढे पुष्कळ दिवस तोच विषय. भाग्यश्री नाही म्हणायची, हर्षला अबोला धरायची. राजेश म्हणायचा, "लग्न झालं की इसरंल." त्यावर दोघी त्याच्यावर उखडायच्या. मग एकाएकी हर्षलानं नाकाचं नावच काढणं सोडलं. भाग्यश्रीला वाटलं, चला, डोक्यातून गेलं एकदाचं.

डिसेंबरात एका सकाळी दवाखान्यात एक मुलगी तिला शोधत आली. गोरी, बारीक अंगाची, पाठीला सॅक. "काकू, मी सानवी. हर्षलाच्या वर्गातली. कर्जतला बाजारपेठेत राहतो आम्ही." हर्षलाच्या तोंडून हे नाव भाग्यश्रीनं ऐकलं होतं. ही मुलगी कॉलेज सोडून इथं कशी?

"काय झालं? हर्षला कुठाय?"

"काकू, ती पनवेलला गेलीय. एका क्लिनिकमध्ये. मी बरोबर जाणार होते, पण स्टेशनवर मला भीतीच वाटायला लागली. ती म्हणाली, तू नको येऊस, मी एकटी जाते."

"ऑपरेशनला?" भाग्यश्रीनं विचारलं.

"ऑपरेशन नाही. इंजेक्शन देतात म्हणे नाकात. अर्ध्या तासात नाक सरळ दिसतं. इन्स्टावर त्यांची जाहिरात येते. तिला दुपारची वेळ दिलीय." सानवी रडायला लागली. "तिला सांगू नका ना मी सांगितलं म्हणून. माझ्याशी बोलणार नाही ती."

भाग्यश्रीनं तिच्याकडून पत्ता घेतला, मोठ्या सिस्टरना, नम्रता सिस्टरना, एवढंच सांगितलं की घरी अडचण आहे, आणि दवाखान्याच्या निळ्या साडीतच ती एसटीत बसली. वाटेत हर्षलाला फोन लावत राहिली. तो उचलला जात नव्हता.

क्लिनिक एका मोबाईलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. काचेचा दरवाजा, आत गारवा, भिंतीवर आधीच्या आणि नंतरच्या चेहऱ्यांचे फोटो. हर्षला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली. नाकावर पांढरं मलम चोपडलेलं. आईला बघून ती उभीच राहिली.

टेबलापाशी बसलेली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बसा ना. दहा मिनिटांचं काम आहे. मलम फक्त बधिर होण्यासाठी लावलंय."

"हिचं वय विचारलंत का तुम्ही?"

"अठरा सांगितलंय त्यांनी."

"सतरा आहे. मी जन्म दिलाय तिला, मला माहीत आहे," भाग्यश्री म्हणाली. "इंजेक्शन कोण देणार? डॉक्टर कुठल्या शिक्षणाचे आहेत?"

आतून पांढरा कोट घातलेला एक तरुण बाहेर आला. त्यानं हा प्रश्न ऐकला होता. "तुमची तयारी नसेल तर जबरदस्ती नाही," एवढं म्हणून तो पुन्हा आत गेला.

भाग्यश्रीनं पदरानं हर्षलाचं नाक पुसलं. पोर तिच्यामागून जिना उतरली. पनवेल स्टँडवर दोघी एका बाकावर बसल्या, तेव्हा हर्षला म्हणाली, "नाक लागतच नाहीये हाताला. लाकडासारखं झालंय."

"उतरंल ते."

"मारणार आहेस का मला?"

"नाय," भाग्यश्री म्हणाली. मारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि गुडघे दुखत होते. तिनं दोन उसाचे रस घेतले. दोघींनी ते शेजारी शेजारी बसून प्यायले.

त्या दिवसापासून भाग्यश्रीचं सगळं लक्ष हर्षलावर खिळलं. राजेशला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कालेज बंद कर तिचं." पण बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि मुलगी हुशार होती. मग भाग्यश्रीनं दुसरा मार्ग काढला. सकाळी ती हर्षलाला खोपोली स्टेशनवर गाडीत बसवून द्यायची. संध्याकाळी नम्रता सिस्टरना सांगून थोडी लवकर निघायची, स्टेशनवर उभी राहायची आणि गाडीतून उतरलेल्या हर्षलाला शेअर रिक्षात घालून घरी आणायची. दिवसातून दोन-तीनदा फोन. हर्षला चिडायची. "मी कैदी आहे का?" तरी भाग्यश्री फोन करायचीच. त्या धावपळीत तिची पाठ धरली. रात्री कूस बदलायला त्रास व्हायला लागला.

ऋषीला तिनं सांगितलं, "थोडे दिवस दवाखान्यात नको येऊस. क्लास सुटला की सरळ घरी जा. रस्त्याच्या कडेनं."

"हो," तो म्हणाला.

एकटा चालायला लागल्यावर त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. हेडफोन गळ्यातून कानावर कधी गेले, हे घरात कुणाला कळलं नाही.

जानेवारीतली ती संध्याकाळ. भाग्यश्री स्टेशनात गाडीची वाट बघत उभी होती. गाडी लागली, हर्षला उतरली, आणि त्याच वेळी फोन वाजला. नम्रता सिस्टर होत्या.

"मावशी, लवकर या."

भाग्यश्रीला वाटलं, एखादा मोठा अपघात आला असेल. "सिस्टर, मी निघालेय आता. भारतीमावशीला बोलवा ना."

"मावशी, पेशंट तुमचा ऋषी आहे."

साजगावच्या रस्त्यावर एका कारखान्याच्या फाटकातून टेंपो मागे येत होता. मागे घेताना वाजतो तो भोंगा चालू होता. फाटकावरचा वॉचमन दोनदा ओरडला, मग धावला. ऋषी खाली मान घालून मोबाईलवर गाणं बदलत होता. टेंपोच्या धक्क्यानं तो पडला आणि मागचं चाक त्याच्या डाव्या मांडीवर चढलं. वॉचमननं पत्र्यावर हात आपटले, तेव्हा टेंपो थांबला. त्याच टेंपोच्या हौद्यात घालून ड्रायव्हरनं आणि वॉचमननं त्याला दवाखान्यात आणलं होतं.

भाग्यश्री पोचली तेव्हा ऋषी टेबलावर होता. चेहरा राखेसारखा. भारतीमावशी कात्री घेऊन उभी होती, पण तिचे हात चालत नव्हते. ह्या पोराला तिनं बाहेरच्या बाकावर वडापाव खाताना इतकी वर्षं पाहिलं होतं.

"आण इकडं," भाग्यश्री म्हणाली.

तिनं शाळेची पँट शिवणीवरून कापली. ती नेहमी शिवणीवरूनच कापायची, म्हणजे गरिबाला पुन्हा शिवून घेता येते. मांडी जिथं वाकायला नको तिथं वाकली होती. ते बघून तिनं कात्री ट्रेमध्ये ठेवली. मग ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. 

"आई," ऋषी म्हणाला, "हॉर्न ऐकूच नाही आला मला."

"बोलू नको."

"आई, पाय कापणार का?"

"नाय रं बाळा. रॉड टाकतील. चालशील तू." असं ती शेकडो जणांना म्हणाली होती. आज म्हणताना तिचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता.

बाहेर व्हरांड्यात टेंपोचा ड्रायव्हर भिंतीशी उकिडवा बसला होता. धनेश नाव त्याचं, खालापुराकडचा, विशी-बाविशीचा पोरगा. शर्टाला ऋषीचं रक्त लागलेलं. भाग्यश्री समोर आली तसा तो उठून उभा राहिला. त्याचे दात वाजत होते.

"मावशी, हॉर्न चालू होता ओ. सगळ्या रस्त्याला ऐकू जात होता. आईची शपथ घेऊन सांगतो."

भाग्यश्री त्याच्याकडे बघत राहिली.  तिनं माठातलं पाणी भरून ग्लास त्याच्या हातात दिला. "बस खाली," ती म्हणाली, "पडशील."

राजेश कारखान्यातून धावत आला, तो थेट धनेशच्या अंगावर गेला. गळपट्टी धरली. वॉचमननं मधे पडून सोडवलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. राजेशचे हात खाली आले. वॉचमननं पिशवीतून हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. एका बाजूची गादी फाटली होती. राजेश ते घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तो म्हणाला, "मीच आनले ना हे."

"आणि त्याला एकटं मी पाठवलं," भाग्यश्री म्हणाली. "आता नको ते बोलाय."

ऑपरेशनला ऋषीला आत नेलं. त्या दाराबाहेरच्या बाकावर भाग्यश्रीनं किती जणींना बसवलं होतं. स्वतः ती तिथं कधी बसली नव्हती. हर्षला तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, किती वेळ लागतो याला?"

भाग्यश्रीला ठाऊक होतं. मांडीच्या हाडाला किती वेळ लागतो, भूल किती वेळ पुरते, सगळं. "माहीत नाय गं," ती म्हणाली, आणि हर्षलानं तिचा हात धरला.

पाय वाचला. पुढचे तीन महिने घरातल्या सगळ्यांचे त्याच्यामागेच गेले. दवाखान्यातून सुट्टी घेता येईना. दुसऱ्यांच्या पोरांना भांडं देऊन भाग्यश्री घरी यायची आणि आपल्या पोराला भांडं द्यायची. दोन्ही ठिकाणी तोच वास, तीच पावडर. कधी कधी रिक्षात बसल्यावर तिला क्षणभर आठवायचं नाही, की आपण कामावर चाललोय की घरी. राजेश रात्रपाळी मागून घेऊन दिवसा ऋषीजवळ बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. भागूबाई नातवाचा पाय धरून हळूहळू तेल लावायच्या. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तरी लावायच्या.

आणि हर्षला. परीक्षेचा अभ्यास तिनं भावाच्या कॉटशेजारी बसून केला. त्याचं अंग पुसलं, केस धुतले. व्यायामाला तो कंटाळा करायचा, तेव्हा ओरडली. "उचल पाय. अजून. रडायचं तर रड, पण उचल." तो रडायचा आणि उचलायचा. भाग्यश्री चुलीपाशी उभं राहून ऐकायची. ह्या मुलीला राखायला आपण रोज स्टेशनवर उभं राहत होतो, हे आठवून तिला कसंतरीच व्हायचं. त्या दोघींमध्ये नाकाचा विषय कुणी काढला नाही. स्टेशनवर जाणंही आपोआप बंद झालं होतं.

धनेश दोनदा घरी येऊन गेला. एकदा शहाळी घेऊन, एकदा नुसताच. पोलिसांना ऋषीनं खरं ते सांगितलं होतं. तरी तारखा पडतच होत्या आणि मालकानं धनेशला गाडीवरून काढलं होतं. तो ओट्यावर बसला, ऋषीशी गाड्यांविषयी बोलला आणि गेला. पुढे तो कुठं कामाला लागला ते कळलं नाही.

एप्रिलमध्ये ऋषी कुबडी टाकून चालायला लागला. डावा पाय किंचित आखूड राहिला. चालताना तो थोडा लचकतो, हे आता कायमचं. जूनमध्ये दहावीची शाळा सुरू झाली. एक दिवस दवाखान्याच्या दारातून भाग्यश्रीनं पाहिलं, तो रस्त्याच्या पलीकडून येत होता आणि त्याच्या कानात कुणा मित्राचे छोटे इअरफोन होते. ती तिथूनच ओरडली. त्याला ऐकू गेलं नाही. दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडून तो जवळ आला, तिचा चेहरा बघितला आणि कानातलं काढून खिशात टाकलं.

"एकाच कानात होता गं."

"तू मेला असतास," ती म्हणाली. "तुला कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

त्यानं डावी मांडी चोळली. म्हणाला, "एकटं चालताना पाय दुखतो तेवढाच डोक्यात राहतो. गाणं असलं की नाही राहत."

यावर काय नियम करावा ते तिला समजेना. "थांब तिथं बाकावर," ती म्हणाली, "मी येते. बरोबर जाऊ." हर्षलाला घ्यायला जायचं थांबल्यापासून ती पुन्हा पूर्ण वेळ थांबत होती. दोघं पुन्हा बरोबर घरी जायला लागली. आता अर्ध्या तासाच्या वाटेला पाऊण तास लागायचा. तो मित्राचा इअरफोन परत गेला की खिशातच राहिला, ते तिनं तपासलं नाही.

हर्षला मेमध्ये अठरा वर्षांची झाली होती. बारावीला चांगले गुण मिळाले. एका रविवारी आई भाकरी थापत असताना तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "आई, मला अजूनही नाक बदलावंसं वाटतं. पनवेलसारखं नाही. नीट डॉक्टरकडे. तू रागावणार का?"

भागूबाई तिथंच होत्या. भाग्यश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. "मला काय बगतेस," म्हातारी म्हणाली. "माजं नाक हाय तिथं हाय."

नाही म्हणायला जे बळ लागतं ते भाग्यश्रीजवळ उरलं नव्हतं. आणि नाही म्हटल्यानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. नम्रता सिस्टरना विचारून तिनं नवी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा पत्ता मिळवला, सुट्टी काढली आणि हर्षलाला घेऊन गेली.

प्लास्टिक सर्जन बाई होत्या, केस पांढरे झालेल्या. त्यांनी हर्षलाचं नाक आतून बाहेरून तपासलं, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. भाग्यश्रीला काही न विचारता त्या हर्षलाशीच बोलल्या.

"करता येईल. पण ऐक. पूर्ण भूल द्यावी लागेल. हाड कापून नीट बसवावं लागतं. आठ-दहा दिवस डोळ्यांखाली काळं-निळं होईल, काही दिवस तोंडानं श्वास घ्यावा लागेल. सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. आणि जे नाक तयार होईल ते तुझ्या फोनमधल्यासारखं नसेल. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं."

"आणि इंजेक्शननं?" हर्षलानं विचारलं.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "कुठं घेतलंस का?"

"नाही. घेणार होते."

"गेल्या वर्षी एक मुलगी आली होती माझ्याकडे, अशाच कुठल्या दुकानातून घेऊन. सुई रक्तवाहिनीत गेली. एका डोळ्यानं दिसत नाही तिला आता."

हर्षलाचा हात नाकाकडे गेला आणि तिथंच राहिला. भाग्यश्री खाली फरशीकडे बघत होती. पनवेलचं ते पांढरं मलम, ते लाकडासारखं झालेलं नाक. दहा मिनिटांचं काम.

"मी आज काही ठरवत नाही," बाई म्हणाल्या. "तूपण ठरवू नकोस. वर्षभरानं ये. तेव्हाही हवं वाटलं तर करू. आईला बरोबर आण."

बाहेर आल्यावर हर्षला म्हणाली, "वर्षभरानं बघू."

"बघू," भाग्यश्री म्हणाली.

"तेव्हा नाही म्हणणार नाहीस ना?"

"तेव्हाचं तेव्हा. आता मला बसायला जागा बघ कुठंतरी."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. चौक गाव येईपर्यंत भाग्यश्रीला झोप लागली. हर्षला फोन बघत बसली होती. तीही कधीतरी पेंगली. साजगावला जायचं तर खोपोलीच्या अलीकडे शीळफाट्यावर उतरायचं असतं. तो मागे गेला, खोपोली स्टँड आला, गाडी रिकामी झाली, तेव्हा कंडक्टरनं दोघींना हलवून उठवलं.

"ओ ताई, शेवटचा स्टॉप. घरी जायचं नाय का?"

दोघी खाली उतरल्या. रिक्षाच्या रांगेत कुणीच नव्हतं. भाग्यश्रीनं पिशवी खांद्यावर घेतली, हर्षलानं ती काढून आपल्याकडे घेतली, आणि त्या आल्या रस्त्यानं मागे, साजगावकडे चालायला लागल्या.